तेविसावे पान

चि. मुंगीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. (आकडा मुद्दाम मोघम ठेवला आहे. त्यांतले किती ठेवायचे आणि किती परत पाठवायचे, हे पत्र संपल्यावर तुझे तू ठरव.)

तुझा खोकला आता कसा आहे? जावईबापू अजूनही जेवल्यावर खुर्चीतच झोपतात का, आणि उठवले की 'मी जागाच होतो' असे म्हणतात का? माझी प्रकृती माझ्या वयाला शोभेल इतपत बरी आहे. डाव्या डोळ्याच्या चष्म्याचा नंबर वाढला आहे आणि झोप कमी झाली आहे. झोपेचे कारण डॉक्टरांना सांगता येण्यासारखे नाही. तुला सांगणे मात्र भाग आहे, म्हणून हे पत्र. दर रविवारी आपण फोनवर बोलतो, मग पोस्टाला हा त्रास कशासाठी, असे तू विचारशील. फोनवर तू 'जाऊ दे गं ताई' म्हणतेस आणि विषय खरोखरच जातो. हा जाता कामा नये. तो तुझ्या पुस्तकाचा आहे. होय, त्याच. गेली बारा वर्षे आपण दोघी ज्याचे नाव न काढता हवापाणी, गुडघे आणि भाजीचे भाव यांवर बोलत आलो, त्या पुस्तकाचा. पत्राला घडी घालून ठेवून देण्याची इच्छा झाली तर ती मी समजू शकते. (समजू शकते, मान्य नाही. आधी शेवटपर्यंत वाच. हे वाक्य मी लिहावे हाच या पत्रातला पहिला विनोद आहे, तो पुढे कळेल.)

तर झाले असे. दोन महिन्यांपूर्वी येथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. ही माझी जुनी विद्यार्थिनी. एम. ए.ला हिला मी साठाऐवजी एकोणसाठ गुण देऊन पहिला वर्ग हुकवला होता आणि त्याबद्दल मला आजही खेद नाही, कारण उत्तर एकोणसाठाचेच होते. त्यांच्या सातवीच्या भाषेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या. तीन महिन्यांचा प्रश्न होता. 'बाई, तुमच्यासारख्या व्यक्तीला विचारायला संकोच वाटतो, पण मुलं फार वाचतात हो.' मुले फार वाचतात, हे ऐकून मी मनातल्या मनात हसले. एकतीस वर्षे मी पदव्युत्तर वर्गाला काव्यशास्त्र शिकवले आहे. तिथे कुणी फार वाचताना मला आढळले नव्हते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांविषयीचे माझे मत तुला ठाऊक आहेच (तुझ्याइतके ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल). तरीही मी होकार दिला. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत माझे शेवटचे व्याख्यान गॅसवाल्याने ऐकले होते, तेही पावतीवर माझी सही हवी होती म्हणून.

पहिले दोन आठवडे मी त्या अडतीस मुलांना साहित्य म्हणजे काय ते शिकवले. फळ्यावर तीन व्याख्या लिहिल्या, त्यांतली एक माझी स्वतःची. मुले शांत होती. ही शांतता एकाग्रतेची आहे असे समजून मी चौथी व्याख्या लिहिली. (मागाहून कळले की पाचव्या बाकाखालून ती पैज लावत होती: बाई 'किंबहुना' हा शब्द तासात किती वेळा म्हणतील. उच्चांक एकोणीस.) शेवटी दुसऱ्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. हिला सगळा वर्ग, आणि शिक्षकही, 'वकील' म्हणतात. हिने एकदा मधली सुट्टी पाच मिनिटांनी वाढवून घेतली होती, तीही लेखी. ती म्हणाली, 'बाई, साहित्य कळलं. आता पुस्तक कधी?' कोणते पुस्तक, असे मी विचारले. ते पुस्तक, म्हणाली. रजेवर गेलेल्या बाईंनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एकच प्रत आणली होती, ती वर्गाने पाळीपाळीने घरी नेऊन वाचली होती, बहुतेकांनी दोनदा, आणि आता फक्त लेखन राहिले होते. पुस्तकाशी ज्याचा संबंध आला त्या कुणालाही पत्र लिहा, असा स्वाध्याय बाई देऊन गेल्या होत्या. पुस्तक कपाटात होते. तपकिरी कागदाचे वेष्टन, त्यावर '७ ब, हात धुऊन घ्या' एवढेच लिहिलेले. मी ते उघडून पाहिले नाही. मुलांच्या पुस्तकात पाहायचे काय, असा विचार मी केला, आणि 'उद्या वह्या द्या' असे सांगून पाचवी व्याख्या लिहिली.

मुंगी, आता नीट लक्ष दे, कारण येथून पुढे तुझ्या ताईची जी शोभा झाली ती क्रमानेच सांगितली पाहिजे.

अडतीस वह्या मी घरी आणल्या. अडतीसही पत्रे एकाच व्यक्तीला होती. पुस्तकातल्या पात्राला एकही नव्हते, लेखिकेलाही नव्हते. मायना सगळ्यांचा एकच: 'लाल शाई यांस.' त्या प्रतीत कुणी वाचकाने पहिल्या पानापासून लाल शाईने चुका काढल्या होत्या, खुणा केल्या होत्या, शेरे मारले होते, आणि बाविसाव्या पानावर 'येथवर एकही पात्र जिवंत नाही. पुढे वाचण्याचे कारण दिसत नाही' असे लिहून तो जो थांबला तो थांबलाच. पुढची दीडशे पाने कोरी करकरीत. मुलांना या माणसाने झपाटले होते. एकाने लिहिले होते, 'तुम्ही जेवायला बसल्यावर पण असंच करता का? दोन घास खाऊन आईला नापास?' एकीने विचारले होते, 'तुमचं पेन संपलं होतं का? माझंपण परीक्षेत संपतं. मी शेजारणीचं घेते. तुम्हाला शेजारीण नव्हती का?' एका अतिशय सभ्य मुलाने विचारले होते, 'तुम्ही बाविसाव्या पानावर वारलात का? तसं असेल तर वर्गाच्या वतीने सॉरी.' आणि वकिलीणबाईंनी दोनच वाक्ये लिहिली होती: 'तुम्ही लेखिकेच्या कोण लागता ते आम्हाला माहीत आहे. एक पान उलटलं असतं तर तुम्हाला कोण भेटलं असतं, तेपण आम्हाला माहीत आहे.'

मी काय केले असेल? असे शेरे मी आयुष्यभर इतके मारले होते की ओळखीचे काही वाटले नाही; मी ती पत्रे तपासली. माझे ते जाड निबाचे लाल पेन घेऊन, रात्रीचे जेवण पुढे ढकलून, वाक्यन्‌वाक्य तपासली. 'ते पुस्तक' असे जिथे जिथे होते तिथे 'कोणते? नाव लिहावे' असे लिहिले. तीन पत्रांत तलावाचा उल्लेख होता, एकात चपलांचा; त्यांच्या समासात 'विषयांतर' असे लिहिले. वकिलीच्या पत्राखाली 'धमकीवजा सूर टाळावा' असे लिहिले. आणि जिथे लेखन रेंगाळले तिथे माझी ती गोगलगाय काढली. (तुला ती आठवत असेल. एक वेटोळे, दोन शिंगे आणि मागे शेपटीचा छोटा फटकारा. 'गती मंद' असे लिहिण्याचा वेळ वाचावा म्हणून मी ती विद्यार्थिदशेतच शोधून काढली होती, आणि तिचा मला अभिमान होता. माणसाला कशाकशाचा अभिमान असतो.) एवढ्यावर मी थांबले नाही. सगळ्या वह्या झाल्यावर मला त्या अनोळखी लाल शाईची कणव आली. मुले एकांगी विचार करतात, त्यांना दुसरी बाजू दाखवली पाहिजे, असे वाटून मी प्रत्येक वहीत शेवटी एक उतारा लिहिला, अडतीस वेळा, हाताला रग लागेपर्यंत: 'या कठोर वाचकाची बाजूही समजून घ्यावी. जो आपल्या चुका दाखवतो तोच आपला खरा हितचिंतक. लेखिकेने या सूचनांचा निश्चितच लाभ घेतला असेल.'

निश्चितच. हा शब्द मी लिहिला, मुंगी. अडतीस वेळा.

दुसऱ्या दिवशी वह्या वाटल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात पाऊल टाकले तर पैजेचीही कुजबुज नाही. वकील उठली, कपाटातून पुस्तक आणले, माझ्या टेबलावर नववे पान उघडून ठेवले आणि शेजारी स्वतःची वही ठेवली. दोन्हीकडे गोगलगाय. दोन्हीकडे तोच फटकारा. आणि नवव्या पानाच्या वर बारीक अक्षरात, जिथे पुस्तकाचे नाव छापतात तिथे, तुझे 'खोल बाजू'.

धरणीने पोटात घ्यावे असे आपण बोलतो. वर्ग दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळे धरणीला ते सोयीचे नव्हते.

'बाई, हे तुमचं आहे?' वकिलीने विचारले. आता ऐक तुझ्या ताईची करामत. ज्या बाईने आयुष्यभर परीक्षेत मान वळवणाऱ्या पोरांना बाहेर काढले ती म्हणाली, 'ही खूण बरेच प्राध्यापक वापरतात.' वर्गाने एकमेकांकडे पाहिले. वकील म्हणाली, 'हो का? मग बाई, फळ्यावर काढून दाखवता? आम्हाला शिकायचीय.' आणि मी खडू घेतला. का घेतला, देव जाणे. मनाशी ठरवले होते की शेपटी वेगळी काढायची, शिंगे तीन करायची, वेटोळे उलटे फिरवायचे. पण चाळीस वर्षांच्या सवयीचा हात तो. त्याने वेटोळे काढले, दोन शिंगे काढली, क्षणभर थांबला आणि फटकारा मारला. माझ्या पाठीमागे अडतीस गळ्यांतून एकच आवाज आला: 'हांऽऽ!' त्या एका अक्षरात माझी एकतीस वर्षांची अध्यापकी निकालात निघाली.

मी खाली बसले आणि कबूल केले. लाल शाई मीच. पहिल्या कोऱ्या पानावर 'ताईला. पहिली प्रत. अजून कुणालाच दाखवली नाही' असे जे लिहिले आहे, त्यातली ताईही मीच. (ते पान मी बारा वर्षांपूर्वी वाचले होते. तेवढ्यावर मात्र काही खूण केली नव्हती. ही माझी एकमेव जमेची बाजू, तीही जागा नव्हती म्हणून.) आता चिडतील, ओरडतील, मुख्याध्यापिकांकडे जातील असे मला वाटले, आणि खरे सांगते, तसे झाले असते तर बरे झाले असते. ती मुले खूश झाली. इतकी खूश की मागची रांग बाकांवर चढली. 'ताई! चपलावाली ताई!' असा गलका झाला आणि सगळी टेबलाखाली वाकून माझ्या पायांकडे पाहू लागली. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि विचारले, 'कसल्या चपला?'

वाकलेली डोकी एकेक करून वर आली. मग तो सभ्य मुलगा, मला मेलेली समजून दुःख व्यक्त करणारा, हळूच म्हणाला, 'बाई, म्हणजे तुम्ही अजूनपण वाचलं नाही?'

अजूनपण. मुंगी, विद्यापीठाच्या समित्यांनी माझे पाणउतारे केले आहेत, एका मासिकाने माझ्या प्रबंधावर 'दारे-खिडक्या नसलेली इमारत' असा अभिप्राय छापला होता, पण त्या 'अजूनपण'ची सर कशालाच नाही.

मग वर्गाने माझा निकाल लावला, रीतसर हात वर करून. बाईंनी रोज तासाला उभे राहून तेविसाव्या पानापासून मोठ्याने वाचायचे. पेन वापरायचे नाही. ते वर्गप्रमुखाच्या कंपासपेटीत जमा. 'किंबहुना' म्हटले तर एक पान मागे. मी सगळे मान्य केले. (मुख्याध्यापिकांना हे कळले तेव्हा त्या चहा देताना म्हणाल्या, 'बाई, एकोणसाठचं दुःख आज संपलं.')

आणि मी तेविसावे पान वाचले. तुला ते पाठच असेल, पण मी प्रथमच पाहत होते. तुझी ती तेरा वर्षांची मुलगी उडीच्या फळीवर उभी आहे, आणि तलावाच्या दाराशी छत्री, वही आणि कपाळावर आठी घेऊन तिची ताई येते. रोज सकाळी येते. खोल बाजूच्या अगदी काठावरच्या पायरीवर बसते आणि वहीत लिहिते: घोटे जुळले नाहीत, हनुवटी वर, श्वास चुकीच्या वेळी. घरी जाताना वाचून दाखवते. धाकटीला वाटते ही चुका काढायलाच येते. आणि मग एकोणतिसाव्या पानावर धाकटीच्या लक्षात येते की या ताईला पोहता येत नाही, पाण्याची तिला इतकी भीती आहे की घरातही ती बादली भरू देते, पिंप नाही. आणि तरीही ती रोज खोल बाजूलाच बसते, चपला काढून, दोन्ही एका बाजूला नीट जोडून ठेवून. बुडणाऱ्या माणसामागे उडी मारताना चपला पायांत नसाव्यात म्हणून.

मी तिथे थांबले. खडूची धूळ घशात गेली असे सांगितले. फळा त्या दिवशी कोरा होता, हे वर्गातल्या प्रत्येकाला दिसत होते, पण सातवीची मुले आपण समजतो त्यापेक्षा सभ्य असतात. पहिल्या बाकावरून पाण्याची बाटली आली. तिच्या तोंडावर कुणाच्या तरी डब्याचा वास होता. मी प्यायले.

मग त्यांनी विचारायचे ते विचारलेच. वकील म्हणाली, 'बाई, तुम्ही खरंच त्यासाठी चपला काढायचात?' मी म्हटले, नाही. नव्या होत्या, पट्टा चावत असे. लेखक लोक साध्या गोष्टींना अर्थ चिकटवतात, त्याला कल्पनाशक्ती म्हणतात. अडतीस चेहरे एकदम उतरले. वकिलीने वहीत काहीतरी लिहून घेतले. (काय लिहिले ते मी पाहिले नाही. गोगलगाय असावी.)

नंतर एकाने विचारले, 'तिचं दुसरं पुस्तक कोणतं?' नाही, असे मी सांगितले. 'का नाही?' मी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर पाहण्यासारखे काहीही नव्हते, सायकलींचा स्टँड होता, पण मी तास संपेपर्यंत सायकली पाहिल्या. त्या प्रश्नाचे उत्तर त्या खोलीत एकीलाच ठाऊक होते आणि तिला बोलायची सोय नव्हती. मी ती प्रत तुला 'दुसऱ्या आवृत्तीसाठी काही सूचना, सद्भावनेने' अशी चिठ्ठी लावून परत पाठवली होती. तुझे उलट कार्ड आले होते: 'ताई, पोचलं.' एवढेच. मी ते कार्ड वाचून म्हटले होते, हिच्या लेखनात आता नेमकेपणा येऊ लागला आहे. (हसू नकोस. किंवा हास, त्याचीच मला आता सवय होत आहे.) ती प्रत पुढे जुन्या पुस्तकांच्या दुकानात कशी पोचली, तू दिलीस की कुणी वाचायला नेली आणि परत आणली नाही, हे मी विचारत नाही. विचारण्याचा अधिकार मी बाविसाव्या पानावर सोडून आले.

पण त्या पानावर नेमके काय झाले, ते आजवर मी कुणाला सांगितलेले नाही, स्वतःलाही नाही. त्या वेळी मला परिसंवादाची घाई होती, असे मी मानत आले. ते खोटे आहे. बाविसाव्या पानावर तुझी ती मुलगी पोहण्याच्या शिक्षकाला चुकवण्यासाठी कपडे बदलायच्या खोलीत टॉवेल पांघरून खुंटीवरच्या टॉवेलांच्या रांगेत उभी राहते, आणि शिक्षक येऊन तिलाच हात पुसतात. मला हसू आले होते, मुंगी. घरात एकटी असताना, मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि हसणे थांबले तशी मला संतापाची एक तिडीक आली. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात तेव्हा माझी स्वतःची कादंबरी होती, अकरा वर्षांची, चारशे पानांची, एकही वाक्य चुकलेले नाही आणि एकही माणूस हललेला नाही अशी. आणि तू, जिला शाळेत मी निबंध लिहून देत असे, जी 'किंबहुना'चा अर्थ मला विचारत असे, तू चार वाक्यांत एका ओल्या टॉवेलाने मला हसवलेस. मी पेन उचलले आणि लिहिले की एकही पात्र जिवंत नाही. डोळे तेव्हा अजून ओलेच होते. शेरा माझ्या पुस्तकाचा होता. तो मी तुझ्यावर लिहिला.

हे लिहून हलके वाटेल असे वाटले होते. तसे काही वाटत नाही. पाय खुर्चीखाली ओढून बसल्यासारखेच वाटते आहे. असो. प्रकृतीला जप, रात्री वाचत जागू नकोस (हा सल्ला मी आता कुणाला द्यावा हाही प्रश्नच आहे), आणि जावईबापूंना माझा नमस्कार सांग.

तुझी,
ताई

ता. क. तुझी निळी शाल माझ्याकडेच आहे. गेल्या वर्षी विचारले होतेस तेव्हा 'नाही' म्हटले होते. कबुलीजबाबाचा हात चालू आहे तोवर तेही उरकून घेते.

ता. क. २. मुख्य काम राहिलेच. शेवटचे प्रकरण मुलांनी मला वाचू दिलेले नाही. दोन चिमटे लावून ती चौदा पाने बंद केली आहेत. ती उडी मारते की नाही, मला ठाऊक नाही. विचारले की सगळे छताकडे पाहतात. ठराव असा झाला आहे की ते प्रकरण लेखिकेनेच येऊन वाचायचे, येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, तिसऱ्या तासाला, आणि बाईंनी शेवटच्या बाकावर बसून ऐकायचे. तुला बोलावण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. बोलावण्याचा अधिकार मला नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. वकील म्हणाली, 'म्हणूनच तुम्ही विचारायचं, बाई.' तर विचारते. येशील का? आणि दुसऱ्या पुस्तकाविषयी ते तुला विचारणारच आहेत. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलेस तरी चालेल. या वेळी मी सायकलींकडे पाहणार नाही.

ता. क. ३. सोबत माझे लाल पेन पाठवत आहे. वर्गप्रमुखाने ते या कामासाठी म्हणून, सही घेऊन सोडले आहे. हे पत्र तपासून परत पाठव. जिथे रेंगाळले आहे तिथे गोगलगाय काढ. ती कशी काढतात ते तुझ्याइतके कुणालाच माहीत नसेल. मध्येच थांबावेसे वाटले तर थांब, पण जिथे थांबशील तिथे खूण कर. मला कळले पाहिजे.

ता. क. ४. वर सवयीने 'चि.' लिहिले आणि आशीर्वाद पाठवले. ते मोठी बहीण म्हणून, ते राहू दे. पण 'खोल बाजू'च्या लेखिकेला वेगळा नमस्कार हवा, तो या ओळीत करते आहे. वाकून.

ता. क. ५. पत्र पाकिटात घालून डिंक लावला होता, तो पुन्हा सोडवून ही एक ओळ लिहीत आहे. वर्गात मी त्यांना सांगितले ते खरे नव्हते. पट्टा चावत नव्हता.